भिंतीकडची ओळ

अजमान
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय जॉन्या,

परवा मला आपल्या वर्गाचा आवाज ऐकू आला. स्वप्नात नव्हे, भर दुपारी, जागेपणी. पंचावन्न सालचा आपला वसईचा वर्ग. खिडकीकडची बाकं विचारायची, भिंतीकडची उत्तर द्यायची. प्रल्हाद गुरुजी मधल्या वाटेत उभे, हातात पट्टी. पट्टी आमच्याकडे झुकली की आम्ही खिडकीवाले:

सांग सागरा, तुझा किनारा कुठे कुठे रे जातो?

मग पट्टी तुमच्याकडे. तू भिंतीकडचा म्होरक्या. तुझा आवाज बाकीच्यांच्या अर्धं पाऊल पुढे:

जिथे जिथे कुणि वाट पाहते तिथे तिथे मी येतो.

गुरुजींची स्वतःची कविता. कुठे छापली गेली नाही. पण मी मास्तर झाल्यावर छत्तीस वर्षं दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिली तीच शिकवली.

आता हा आवाज ऐकू आला कुठे, तर दुबईत, वरदच्या ऑफिसातल्या एका खोलीत, जिथे मी आणि तो सोडून एकही माणूस नव्हता.

त्याचं असं झालं. तुझं पत्र आलंय असं वरद म्हणाला, आणि मला धीर धरवेना. या देशात पोस्टमन दाराशी येत नाही याची चुटपुट मला चार वर्षांत गेली नाही. पत्र यायचं ते कंपनीच्या पेटीत. कंपनीचा पेटी नंबर हाच माणसाचा पत्ता. म्हटलं, चल, मीच येतो तुझ्याबरोबर. तुझे कान रुवैसच्या रिफायनरीतल्या त्या कॉम्प्रेसरने नेले नसते तर आपणही सगळ्यांसारखे फोनवर दोन मिनिटं बोलून मोकळे झालो असतो. कान गेले ते वाईटच, पण त्यापायी पत्रं उरली.

पत्र घेतलं, तर वरद म्हणाला, "बाबा, मला पंधरा मिनिटं सर्व्हर रूममध्ये काम आहे. बाहेर बसता का आत येता?" मी आत गेलो. जॉन्या, काय सांगू! बाहेर ऊन, आत माथेरानची पहाट. अंधारात कपाटं उभी, आणि कपाटांवर दिवे. शेकडो. बारीक, हिरवे, लुकलुकणारे. झाडावर काजवे बसावेत तसे. मी विचारलं, "हे दिवे काय करतात?" तो म्हणाला, "बोलतात, बाबा. एकेक लुकलुक म्हणजे कोणीतरी काहीतरी पाठवतंय नाहीतर कोणाचं तरी काही येतंय." मी हात जोडले. खरंच जोडले. वरदला लाज वाटली असावी, तिथं तिसरं कोणी नव्हतं तरी.

तिथेच ऐकू आला तो आवाज. हा विचारतो, तो उत्तर देतो. फक्त एक दिवा त्यात बसत नव्हता. सगळे हिरवे आणि हा एकच पिवळा. तोही सरळ लुकलुकत नव्हता. भराभर दोनदा, मग थांबला, मग पुन्हा पहिल्यापासून. पाठांतर न झालेला मुलगा उभा केल्यावर करतो ना, तस्सा. मला त्याची दया आली.

आता काळजीचं. त्या खोलीत फायरवॉल नावाची एक पेटी आहे. बाहेरच्या जगाची तार तिच्यातून आत येते, म्हणजे दारावरचा रखवालदारच. दोन आठवड्यांपूर्वी वरदने त्या रखवालदाराचं सॉफ्टवेअर नवीन केलं. तेव्हापासून बाहेरून येणारं भरभर येतं आणि इथून जाणारं रांगतं. यांची कंपनी इमारतींचे नकाशे करते. पूर्वी एक चहा पिऊन होईपर्यंत जाणारा नकाशा आता सकाळी निघतो, दुपारी अर्ध्यात तुटतो. वरदने तारा बदलल्या, लाइनवाल्यांशी भांडला. ते म्हणतात, आमच्या बाजूने ओके. जुनं सॉफ्टवेअर परत घालायचं तर दोन दिवस सगळं बंद, आणि साहेब म्हणतात दोन तासही नाही.

दोह्याच्या एका हॉस्पिटलचे नकाशे पंधरा मार्चला, रविवारी, पोचायलाच हवेत. मंदीत हातात राहिलेलं हे एकच मोठं काम. साहेब त्याला म्हणाले, "हबीबी, इट वॉज वर्किंग. यू टच्ड इट." पंधराला नकाशे गेले नाहीत तर पुढच्या यादीत वरदचं नाव. नोकरी गेली की व्हिसा गेला, सृष्टीची शाळा गेली, आम्ही दोघं म्हातारे त्याच्याच व्हिसावर, म्हणजे सगळी वरात परत. प्रमिलाने आत्ताच कोणती भांडी न्यायची ते वेगळं काढायला घेतलंय.

तुझा ज्यूड दिसला नाही. त्याच्या टेबलावर संगणक कापडाने झाकलेला होता. रजेवर असेल.

तुझा,
गुणवंत


रुवैस
१९ फेब्रुवारी २००९

गुण्या,

चार पानं वाचली. त्यात कामाची ओळ एक, आणि ती तू काजव्यांत लपवलीस. पिवळा दिवा.

वरदला विचार: तो दिवा रखवालदाराकडून बाहेर जाणाऱ्या तारेचा आहे का? असेल तर पुढचं वाच. नसेल तर माझं पत्र फाडून टाक.

तुला वर्गाचा आवाज आठवला, तो चांगल्या दिवसाचा. मला शाळा तपासायला दिपोटी आले त्या दिवसाचा आठवतो. गुरुजींना वाटलं, साहेबांपुढे जरा नवीन करावं. दोन्ही बाजूंनी आपापली ओळ एकाच वेळी म्हणायची, दोन सूर एकमेकांत गुंफायचे. हे त्यांनी वर्गात आदल्या दिवशी सांगितलं. मी त्या दिवशी गैरहजर, आणि आमच्या बाकीच्या ठोंब्यांच्या डोक्यात काही राहिलं नाही. आठवतंय काय झालं? आम्ही तोंड उघडलं, "जिथे जिथे..." तेवढ्यात तुमचा आवाज आला. आम्हाला वाटलं, आपली पाळी नव्हे, चुकलं. आम्ही गप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुमचा आवाज, पुन्हा गप्प. तुम्ही मात्र मजेत, तुमची कविता खणखणीत पुरी झाली. आमची ओळ "जिथे जिथे"च्या पुढे गेलीच नाही. दिपोटी म्हणाले, "या बाजूची मुलं कच्ची दिसतात."

आम्ही कच्चे नव्हतो, गुण्या. आम्हाला नियम वेगळा माहीत होता.

आता प्लांटमधलं उदाहरण. वॉकीटॉकीवर एकाने बोलायचं, दुसऱ्याने थांबायचं. टेलिफोनवर दोघं एकदम बोलू शकतात. तारेच्या एका टोकाला वाटत असेल की आपण वॉकीटॉकी आणि दुसऱ्याला वाटत असेल की आपण टेलिफोन, तर तार चांगली, पेट्या चांगल्या, तरी काम बिघडणार. वॉकीटॉकीवाला बोलायला लागतो, समोरचा आवाज ऐकतो, चुकलं म्हणून थांबतो, पहिल्यापासून सुरू करतो. त्याचं बाहेर जाणारं सगळं अडखळतं. समोरून येणारं बरं चालतं. लाइनवाले म्हणतात आमच्या बाजूने ओके, आणि ते खोटं बोलत नाहीत. खिडकीवाल्यांच्या बाजूने ओकेच होतं.

पटत नसेल तर ज्यूडला विचारायला सांग. ती तार तीन वर्षांपूर्वी त्यानेच जोडली. मला चार पानं लिहिली होती त्याबद्दल. दोघं एकाच ऑफिसात आहेत. हाक मारली की झालं.

दारातल्या खजुराला तुरे येताहेत. बाकी ठीक. बुधवारपासून आमचा उपवासकाळ. यंदा चहा सोडणार आहे, बघू.

जॉन


अजमान
२४ फेब्रुवारी २००९

प्रिय जॉन्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दिपोटींचा दिवस मी विसरूनच गेलो होतो. माझ्या स्मरणात आपण दोन्ही बाजू नेहमी सुरातच आहोत. चोपन्न वर्षांनी कळतंय की तुम्ही भिंतीकडचे त्या दिवशी कच्चे नव्हता. गुरुजींनी मला मॉनिटर म्हणून निरोप द्यायला सांगितला होता तुझ्या घरी. मी गेलो नाही, विटीदांडू खेळत बसलो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

दिवा त्याच तारेचा आहे, वरदने हो म्हटलं. मग मी वॉकीटॉकीचं सगळं त्याला नीट समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाबा, जॉनकाकांना सांगा थँक्स. पण ही त्यांच्या काळातली गोष्ट. आता दोन्ही पेट्या आपसात बोलून स्वतःच ठरवतात, सगळं ऑटो असतं." मी म्हटलं, "मग ज्यूडला विचार." त्यावर तो ताटावरून उठला. कामाचा ताण फार आहे त्याच्यावर.

ज्यूड सध्या फुजैराच्या साइटवर असतो. मजेत आहे. तिथे फोनला रेंज नसते, त्यामुळे तुला त्याचे मेसेज उशिरा येत असतील. काळजी करू नकोस.

प्रमिला म्हणते, जॉनभावजींना सांगा, चहा सोडू नका, साखर सोडा.

तुझा,
गुणवंत


रुवैस
२ मार्च २००९

गुणवंत,

तू खोटं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर सुबक होतं. फुजैरावाला परिच्छेद शाळेच्या फळ्यावर लावण्यासारखा आहे.

सोबत एक पाकीट ठेवलं आहे. ते उघडू नकोस, नुसतं वरून बघ. ज्यूडला मी जानेवारीच्या अखेरीस पत्र लिहिलं, कंपनीच्या पेटीवर, नेहमीसारखं. ते सतरा फेब्रुवारीला माझ्याकडे परत आलं. वर निळ्या शाईने लिहिलंय: नॉट हियर, लेफ्ट कंपनी. ते अक्षर कोणाचं ते तुला माझ्याहून जास्त कळेल. तूच वळण लावलंस त्याला. दर नाताळच्या कार्डावर मी ते बघतो.

एकोणीस तारखेला "ज्यूडला विचार" असं तुला लिहिलं तेव्हा हे पाकीट माझ्यासमोर टेबलावर होतं. तू खरं सांगतोस का ते बघत होतो. ही माझी लबाडी. तुझी तुझ्याजवळ, माझी माझ्याजवळ.

ज्यूड मला मेसेज करतो, "ऑल गुड डॅडी, बिझी." नोकरीत होता तेव्हा दुपारी बाराला कधी त्याचा मेसेज आला नाही. आता बाराला येतो. फोनवर मला ऐकू येत नाही हे त्याला सोयीचं झालंय. त्याच्या आईला, कॉन्सेप्टाला, मी वसईला काही कळवलेलं नाही. इथून दुबईला येऊन शोधलं असतं, पण बहिऱ्या माणसाने कोणाला काय विचारायचं आणि उत्तर काय समजायचं? ज्यूडच्या शाळेतल्या एका ओळखीच्याने लिहून कळवलं, तो शारजात रोल्लाला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिसला. जहूर नावाच्या माणसाचं दुकान, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत.

वरदवर माझा राग नाही. लिहिणाऱ्याने खरं तेच लिहिलं. फक्त पाकिटावर लिहिलं, माणसाला सांगितलं नाही.

त्याला शोध, गुण्या. तारेसाठी नको. माझ्यासाठी शोध. आणि हे पाकीट त्याच्या हातात दे. आत काही विशेष नाही.

जॉन


अजमान
१६ मार्च २००९

प्रिय जॉन,

आधी मोठी बातमी: ज्यूड सुखरूप आहे, जरा वाळलाय, दाढी वाढवलीय. त्याला मी डोळ्यांनी बघितलं, त्याच्या हातचा चहा प्यालो. आता सावकाश सगळं सांगतो.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. ते पाकीट मी काही न बोलता वरदच्या पुढ्यात ठेवलं. त्याने अक्षर बघितलं आणि खाली बसला. ज्यूडला काढलंय एवढंच तो मला फेब्रुवारीत बोलला होता, आता सगळं सांगू लागला. जानेवारीच्या पंचवीस तारखेला चौदा नावांची यादी आली. तिथली पद्धत अशी की ज्यांना काढायचं त्यांची खाती संगणकावर आधी बंद करायची, मग त्यांना सांगायचं. बंद करायचं काम वरदचं. अकराला त्याने ज्यूडचं खातं बंद केलं. पाच मिनिटांनी ज्यूड त्याच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "अरे वरद, माझं लॉगिन होत नाही, बघ ना जरा." वरदला सगळं माहीत, आणि तो म्हणाला, "बघतो."

"एवढंच म्हणालो, बाबा. बघतो. मग त्याला बॉक्ससकट खाली लिफ्टपर्यंत सोडायला गेलो, तेही माझंच काम. त्यानंतर मी त्याला फोन केला नाही. त्याच्या टेबलाकडे बघवेना म्हणून कापड टाकलं."

प्रमिला पोळ्या लाटत होती. ती तिथूनच म्हणाली, "कापड टाकून माणूस झाकला जातो होय रे?" मुग्धा, आमची सून, नुसती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

शुक्रवारी मी आणि वरद रोल्लाला गेलो. तेरा तारीख आणि शुक्रवार, तुमच्यात म्हणे वाईट दिवस. टॅक्सीचे पंधरा दिरहम ऐकून प्रमिला दारातून ओरडली, "दोनशेच्या वर रुपये झाले, शोधूनच या!" जहूरचं दुकान म्हणजे दोन हात रुंदीची खाच. आत एक टेबल, वर दिवा, आणि दिव्याखाली ज्यूड, डोळ्याला भिंग लावून फोनच्या पोटात बघत होता. मान वर न करता म्हणाला, "काय साहेब, पासवर्ड विसरलात?"

"ज्यूड, मी त्या दिवशी..."

"काका, तुम्ही बसा. स्टूल एकच आहे. ह्याला उभं राहू दे."

मी बसलो. वरद उभा. जॉन, तेहेतीस वर्षांचा माझा मुलगा, हाताची घडी घालून, वर्गाबाहेर काढल्यासारखा. म्हणाला, "मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू विचारलंस आणि मी बघतो म्हणालो. दीड महिना तेच ऐकू येतंय मला. बस्स, एवढंच सांगायला आलोय." तारेबद्दल एक अक्षर नाही. घरातून निघताना तसं त्याने मला बजावलंही होतं: तारेचं काढायचं नाही.

ज्यूडने भिंग काढलं. ते सदऱ्याला पुसलं. मग म्हणाला, "अपलोड मेलंय ना?"

वरद म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मी गेल्यावर तू अपग्रेड करणार हे ठरलेलंच होतं. लाइनवाल्यांची पेटी जुनी आहे रे. तिला आपसात ठरवणं वगैरे कळत नाही. ती टेलिफोनसारखी हाताने बांधून ठेवलीय, आपलं टोक मीही तसंच हाताने बांधलं होतं. नवीन सॉफ्टवेअरने आपलं टोक सोडून ऑटोवर टाकलं असणार. ते समोरच्याला विचारतं, समोरून उत्तर नाही, मग ते बिचारं समजतं की आपण एकेकाने बोलायचं. चिठ्ठी लिहून ठेवली होती मी. वरच्या ड्रॉवरमध्ये. नाही वाचलीस?"

मी म्हटलं, "अरे, त्याने टेबलावर कापड टाकलंय."

आणि ज्यूड हसला. तू हसतोस तसा, खांदे हलवून. जहूर आतून डोकावला, "जूड भाई, कस्टमर है?"

"नहीं जहूर भाई. घर के लोग हैं."

तेव्हा मी तुझं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने आधी वरचं निळं अक्षर वाचलं, मग परतीचा शिक्का. "म्हणजे डॅडीला कळलंय?" मी मान हलवली. त्याने पाकीट फोडलं, तिथेच वाचलं, आणि दिव्याकडून तोंड फिरवून म्हणाला, "काका, डॅडीने दोन पानं नुसती खजुराबद्दल लिहिलीत." वरदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो त्याने झटकला नाही.

मग ज्यूडच म्हणाला, "चल. नुसती चिठ्ठी वाचून तू आणखी एक टोक सोडशील."

ऑफिसला सुट्टी होती. किल्ली वरदकडे. आम्ही तिघं त्या थंड खोलीत गेलो. ज्यूड आत शिरला तो थेट त्या पिवळ्या दिव्याकडे बघत. म्हणाला, "अरे बाप रे, किती दिवस असाच अडखळतोय हा?" जसं काही आजारी वासरू. मग खुर्ची ओढली, दोन ओळी लिहिल्या. दोनच, जॉन. एवढी मोठी काळजी, चार माणसांची झोप, सृष्टीची शाळा, आणि दोन ओळी. वरद मला म्हणाला, "बाबा, दिव्याकडे बघा."

दिवा विझला. मग तो लागला, आणि हिरवा लागला. आणि वाहू लागला. अडखळणं नाही, थांबणं नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्या एका बारीक ठिपक्यातून आत येणारं येत होतं, बाहेर जाणारं जात होतं, एकाच वेळी, आणि कोणी कोणाला अडवत नव्हतं. गुरुजींना दिपोटींपुढे जे करून दाखवायचं होतं ते हेच असणार. दोन्ही ओळी एकदम, एकमेकींत गुंफलेल्या. चोपन्न वर्षांनी मी ते ऐकलं, आणि भिंतीकडचा सूर तुझ्या मुलाने लावला होता.

वरदने दोह्याच्या हॉस्पिटलचा नकाशा सोडला. मी विचारलं, "आता हा कुठे आहे?" ज्यूड म्हणाला, "काका, आत्ता समुद्राखाली असेल." समुद्राखाली! ऑपरेशनच्या खोल्या, पाळणाघराच्या भिंती, जिने, खिडक्या, सगळं उजेडाच्या बारीक धाग्यावर बसून माशांच्या खालून चाललंय. "सांग सागरा" म्हणून आपण घसा फोडायचो. मला वाटायचं, समुद्र ऐकतो पण बोलत नाही. तेवढ्यात पडद्यावर दोह्याहून अक्षरं आली: रिसीव्ह्ड, थँक यू. मी तिथल्या जमिनीवर बसलो. मुलं घाबरली, त्यांना वाटलं बी. पी. वाढलं. काही वाढलं नव्हतं. उभं राहून बघण्यासारखं ते नव्हतं, इतकंच.

काल रविवारी वरद साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "मी दुरुस्त केलं नाही. ज्यूडने केलं. तो आत असता तर हे बिघडलंच नसतं." साहेब म्हणाले, "देन व्हाय डिड वी लेट हिम गो?" वरद म्हणाला, "सर, यू साइन्ड. आय क्लोज्ड द अकाउंट." साहेबांनी म्हणे पेनाला टोपण लावलं. शेवटी म्हणाले, "यल्ला. ब्रिंग हिम बॅक, थ्री मंथ्स. आफ्टर दॅट, इन्शाल्ला." तीन महिने म्हणजे काही आयुष्य नव्हे, पण या वर्षी या देशात तीन महिने म्हणजे पुष्कळ. त्याचं टेबल आता उघडं आहे. नकाशे तिथल्या संगणकांवर लावून द्यायला वरदला उद्या दोह्याला पाठवताहेत.

ज्यूड म्हणाला, "डॅडीला मी स्वतः लिहीन." मला वाटतं तो रोज लिहायला बसतो आणि उठतो. तुझ्याशी खोटं बोलल्याची लाज त्याला नोकरी गेल्यापेक्षा मोठी आहे. ती मलाही आहे. तू मला क्षमा कर असं सरळ लिहितो. अक्षर बघ, सुबक नाही.

तुझा,
गुण्या


अजमान
२७ मार्च २००९, गुढीपाडवा

प्रिय जॉन्या,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. एरवी तू सातव्या दिवशी लिहायला बसतोस. वरद कालच दोह्याहून परतला. पेटीची किल्ली त्याच्याच खिशात तिकडे फिरून आली, तेव्हा तुझं पत्र त्या पेटीत पडलेलं असेल अशी मी समजूत घालतो. प्रमिला म्हणते, "आणि नसेल तर? तुम्ही त्या माणसाला खोटं लिहिलंत, तेही त्याच्या मुलाबद्दल. मी असते तर वर्षभर बोलले नसते." ज्यूडलाही तुझा मेसेज नाही. त्याने परवा शेवटी लिहून टाकलं, "डॅडी, सॉरी," एवढे दोनच शब्द, आणि तेव्हापासून दर पाच मिनिटांनी फोन बघतो.

तो आज आमच्याकडेच आहे. सकाळपासून तो आणि वरद बाल्कनीत गुढीची काठी बांधताहेत. खालच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईंनी विचारलं, हे काय, अँटेना का? ज्यूड म्हणाला, "यस मादाम, डायरेक्ट टू हेवन." प्रमिलाने श्रीखंड केलंय. म्हणाली, "उपवासकाळातला शुक्रवार, मटण तर तुला चालणार नाही. म्हणजे आज माझ्या तावडीतून सुटका नाही." बाल्कनीतून दोघांच्या भांडणाचे आवाज येताहेत. दोघंही एकदम बोलताहेत. कोणी थांबत नाही, आणि तरी काठी सरळ उभी राहिलीय.

मी तुला हेच लिहायला बसलो होतो की आता मला भीती वाटू लागलीय. तू रागावला असशील तर तसं लिही. शिव्या लिही. पण गप्प राहू नकोस. तू नऊ वर्षांत रुवैसमधून बाहेर पडलास तो फक्त विमानतळावर जायला. मी तिकडे यावं म्हटलं तर प्रमिला एकट्याला सोडत नाही. आपल्यामध्ये एवढा कागदच आहे, आणि त्यावर एका बाजूचं लिहिणं थांबलं की दुसऱ्या बाजूच्या म्हाताऱ्याला वाटतं, आपणच काहीतरी चुकलो. मग तो पहिल्यापासून सुरू करतो. हे मी तिसऱ्यांदा सुरू केलेलं पत्र आहे. आधीची दोन फाडली.

दाराची बेल वाजली. सृष्टी गेलीय उघडायला. शेजारचे साखरेची गाठी घेऊन आले असतील.

नाही. सृष्टी ओरडतेय, "आजोबा! देअर्स अ मॅन. ही इज टॉकिंग सो लाउड!"

"कोण आहे विचार, बाळ."

"आय आस्क्ड! ही कान्ट हिअर मी! ही सेज, डिडन्ट यू गेट माय लेटर?"

बाल्कनीतलं भांडण थांबलं. ज्यूड हातातली सुतळी टाकून माझ्या समोरून धावत गेला.

माझे पाय हलत नाहीत, जॉन्या, म्हणून लिहितोय. हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकायचं? जिन्यात सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कोणीतरी, बाकीच्यांच्या अर्धं पाऊल पुढे, भिंतीकडची ओळ म्हणतंय:

जिथे जिथे कुणि वाट पाहते तिथे तिथे मी